मुलांचं खाणं, मुलांचं दिसणं : अभ्यासात शिरताना

घरी आलेला पाहुणा हातात पाण्याचा पेला येण्याआधीच मुलांच्या अंगाचा हिशेब मांडून मोकळा होतो. "किती वाळलीस गं, हॉस्टेलात खायला घालत नाहीत का?" "आता कशी छान तब्येत झालीये!" "जरा रंग उजळलाय की!" यात कुणाला दुखवायचा हेतू नसतो, आपल्याकडे विचारपूस अशीच करतात. शाळेत तीच विचारपूस टोपणनावं होऊन येते : ढोल्या, टुणटुण, बोंबील, काडीपैलवान, पाप्याचं पितर. नाव पडलेलं पोर स्वतःही हसतं, कारण चिडलं तर ते नाव दहावीपर्यंत सुटत नाही. मग कधीतरी आईच्या लक्षात येतं की डबा रोज निम्मा परत येतोय, जेवण झालं की मुलगी न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडतेय, किंवा मुलगा पोळी सोडून उकडलेल्या अंड्यांच्या पांढऱ्यावर आलाय. या दोन टोकांच्या मधला प्रदेश हा आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

त्यात शिरू पाहणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना : शाळेतले शिक्षक, समुपदेशक, बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्राचे विद्यार्थी, आशाताई, नृत्य आणि खेळ शिकवणारे, आणि अर्थात पालक. या विषयाला दार एकच नाही. कुणी आहारशास्त्राकडून येतो, कुणी मनोविकारशास्त्राकडून, कुणी माध्यमांच्या अभ्यासातून. कुठूनही आलात तरी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. इथे मोजणं आणि बदलणं ही दोन कामं वेगळी काढता येत नाहीत. रक्तदाब मोजल्याने रक्तदाबाचा आजार होत नाही. पण तेरा वर्षांच्या मुलीला "तुला आपण जाड आहोत असं वाटतं का?" असं विचारलं, की तो प्रश्न तिच्याबरोबर घरी जातो. वजनकाटा, प्रश्नावली आणि सभागृहातलं व्याख्यान ही तिन्ही मुलाला काही ना काही शिकवतात. काय शिकवतात हे आपण ठरवलं नाही, तर ते आपल्या नकळत ठरतं.

आधी शब्दांची मांडामांड. खाण्याचे विकार म्हणजे निदानाच्या पुस्तकात बसणारे आजार. अन्न तोडून वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरवणारा ॲनोरेक्सिया नर्व्होझा. अधाशासारखं खाऊन मग ओकारी, जुलाबाची औषधं किंवा कडक उपासमार यांनी ते 'फेडणारा' बुलिमिया. आणि फेडाफेडीशिवाय वारंवार ताबा सुटून खाण्याचा विकार, ज्याला अमेरिकी निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत, २०१३ साली, स्वतंत्र जागा मिळाली. बिघडलेलं खाणं ही याहून बरीच मोठी चौकट आहे. जेवण टाळणं, चोरून खाणं, प्रत्येक घासाचा हिशेब, खाल्ल्यावर अपराधी वाटून जिने चढणं हे सगळं तिच्यात येतं, निदान होवो न होवो. तिसरी गोष्ट देहप्रतिमा : स्वतःचं शरीर मनाच्या डोळ्यांना कसं दिसतं आणि त्याबद्दल काय वाटतं. व्हिएन्नाचे पॉल शिल्डर यांनी १९३५ साली या कल्पनेवर ग्रंथ लिहिला. तेव्हापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. आरशातलं माप आणि मनातलं माप यांत फार अंतर असू शकतं, आणि वागणं मनातल्या मापाने चालतं. 'विकृती' हा मराठी वर्तमानपत्रांचा आवडता शब्द मी मुद्दाम टाळला आहे. तो वाचून कुठलं पोर मदत मागायला येईल?

ॲनोरेक्सियाचं आधुनिक वर्णन पॅरिसच्या शार्ल लासेग यांनी १८७३ साली आणि लंडनच्या विल्यम गल यांनी १८७४ साली छापलं. दोघांच्याही रुग्ण प्रामुख्याने तरुण मुली होत्या आणि दोघांनीही लठ्ठपणाच्या भीतीला मध्यभागी ठेवलं नव्हतं. ती भीती निदानाच्या केंद्रात आली ती विसाव्या शतकात. बुलिमियाला जेरल्ड रसेल यांनी १९७९ साली नाव दिलं. हा इतिहास सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडचे अनुभव. १९९५ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी अशा पाच तरुणींचं वर्णन प्रसिद्ध केलं, ज्या जेवत नव्हत्या, ओकत होत्या, झडत चालल्या होत्या, पण "मला जाड व्हायचं नाही" हे ठरलेलं वाक्य त्यांच्या तोंडी नव्हतं. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनीही असेच रुग्ण पाहिले. पोट फुगतं, घास उतरत नाही, भूकच नाही, अशा त्यांच्या तक्रारी. म्हणजे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातलं चित्र डोक्यात ठेवून बसलेला डॉक्टर आपल्या मुलीला पोटाच्या सोनोग्राफीला पाठवील, जंताचं औषध देईल, आणि वर्ष निघून जाईल.

उपाशी राहण्याने माणसाचं काय होतं, हे कळायला मिनेसोटाचा प्रयोग वाचावाच लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अँसल कीज यांनी छत्तीस धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. लढाईला नैतिक विरोध असलेले हे स्वयंसेवक होते. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरलं. पण खरी नोंद पुढेच आहे. ही माणसं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, दिवसभर जेवणाबद्दलच बोलू लागली, ताटातलं चिवडत तासन्‌तास बसू लागली, ताटल्या चाटू लागली. चिडचिडी झाली, एकटी राहू लागली. पुन्हा पोटभर अन्न मिळाल्यावर कित्येकांचा खाण्यावरचा ताबा सुटला. त्यांच्यापैकी कुणालाही सडपातळ व्हायचं नव्हतं. ज्या लक्षणांना आपण मुलीचा 'स्वभाव' किंवा 'नाटकं' म्हणतो, त्यातली निम्मी उपासमारीचीच लक्षणं असतात. पालकांना हे एकदा नीट समजावून सांगितलं की घरातला दोषारोपाचा सूर बराच उतरतो.

आता मापनाकडे वळू. नवा अभ्यासक बहुधा इथेच घसरतो, म्हणून थोडं रेंगाळतो.

जगात सर्वाधिक वापरली गेलेली प्रश्नावली म्हणजे टोरोंटोच्या डेव्हिड गार्नर आणि पॉल गारफिंकेल यांची खाण्याविषयीच्या वृत्तींची चाचणी. १९७९ साली तिच्यात चाळीस प्रश्न होते, १९८२ साली सव्वीस उरले. वीस किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढची चौकशी करायची. ही सव्वीस प्रश्नांची चाचणी मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना दिली आणि १९८९ साली निष्कर्ष छापले. रेषेपलीकडे गेलेल्या मुलींची संख्या पाहून कुणीही दचकलं असतं. पण त्या दोघांनी उत्तरं प्रश्नागणिक तपासली. जेवणाचे बारीक तुकडे करणं, खाण्यावर संयम ठेवणं यांसारख्या काही प्रश्नांना मुलींनी भरभरून 'हो' म्हटलं होतं, कारण त्यांच्या घरात हे चांगलं वळण समजलं जात होतं. चाचणीने मुलींचा आजार मोजला नव्हता. त्यांचे संस्कार मोजले होते.

आपल्या घरांत हा पेच आणखी खोल आहे. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, निर्जळी हरतालिका. पंचांग हाताशी असेल तर मुलीला न जेवण्याचं सन्माननीय कारण आठवड्यातून तीनदा मिळतं, आणि आजी कौतुकही करते. समुपदेशनाच्या खोलीत हे असं उलगडतं :

"आज डबा खाल्लास का?"

"नाही. उपास आहे. गुरुवार."

"आणि काल?"

"काल संकष्टी होती."

"मग खिचडी तरी खाल्ली असशील?"

"नाही हो मॅडम. साबुदाण्यात किती कॅलरीज असतात!"

शेवटच्या वाक्याने उपासाचा धर्म बदलला. एकादशी अन् दुप्पट खाशी अशी म्हण असलेल्या प्रांतात साबुदाण्याच्या कॅलरी मोजणारी मुलगी देवासाठी उपाशी नाही. इथे छापील प्रश्न कमी पडतो आणि पाठोपाठचे साधे प्रश्न कामाला येतात. हा उपास घरात आणखी कोण करतं? कधी धरलास? सोडताना काय खातेस, आणि सोडताना बरं वाटतं की भीती वाटते? उपास करणाऱ्याला पारण्याची ओढ असते. आजाराने ग्रासलेल्याला पारण्याचाच धसका असतो. जैन घरांतली मोठी तपं, रमजानचे रोजे, ख्रिस्ती घरांतला लेंट यांनाही हाच नियम लावावा. व्रताला हात न लावता फक्त ते सुटतं कसं, हे पाहायचं.

छोट्या चाळणीसाठी लंडनमध्ये १९९९ साली तयार झालेली पाच प्रश्नांची 'स्कॉफ' उपयोगी आहे. पोट फार भरलं म्हणून मुद्दाम ओकारी काढतेस का, किती खातोय यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का, तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलंय का, लोक बारीक म्हणत असताना स्वतःला जाड समजतेस का, आणि अन्नाने आयुष्य व्यापलंय असं वाटतं का. दोन 'हो' आले की पुढे बोलावं. डॉक्टरच्या टेबलावर दोन मिनिटांत हे होतं. सखोल मुलाखतीसाठी ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांची मुलाखतपद्धत आणि तिच्यावरून बेतलेली प्रश्नावली आहे. त्या मुलाखतीला प्रशिक्षण लागतं. मद्रासमध्ये श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांत काम करून १९९८ साली स्वतःची प्रश्नावली बांधली, कारण आयात केलेल्या व्याख्यांत न बसणारा, सौम्य पण खराखुरा त्रास त्यांना समोर दिसत होता. मराठीत काम करू इच्छिणाऱ्याने हा रस्ता डोळ्यांपुढे ठेवावा. भाषांतर करून, उलट भाषांतर करून काम संपत नाही. नंदुरबारच्या आश्रमशाळेत आणि पुण्याच्या इंग्रजी शाळेत तोच प्रश्न मुलं कसा वाचतात, हे त्यांच्याशेजारी बसून ऐकावं लागतं.

थोडं गणितही पचवावं लागेल. समजा हजार मुलींत दहा खरोखर आजारी आहेत, आणि आपली चाळणी आजारी व निरोगी दोन्ही ओळखण्यात नव्वद टक्के अचूक आहे. ती दहांपैकी नऊ जणी पकडेल. उरलेल्या नऊशे नव्वदांपैकी नव्याण्णव जणींवरही बोट ठेवील. म्हणजे जिच्यावर शिक्का बसला तिला आजार असण्याची शक्यता बारात एक. अशी यादी मुख्याध्यापकांनी सूचनाफलकावर लावली, किंवा पालकसभेत वाचून दाखवली, तर काय होईल याचा विचार चाचणी वाटण्याआधी करायचा असतो. चाळणीनंतर मुलाखत घेणारा माणूस तयार नसेल तर चाळणी करूच नये, असं माझं मत आहे. संशोधनाच्या समित्यांना हे मत थोडं कडक वाटतं.

वजनाचंही तेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तो दिवस आठवा. व्हरांड्यात काटा ठेवलेला, मुलांची रांग, ताई आकडा मोठ्याने वाचतात, बाई तो रजिस्टरात उतरवतात, आणि मागच्या चार मुलांपर्यंत तो पोचलेला असतो. मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात क्रमवारी लागते. हे पथक अत्यंत मोलाचं काम करतं, रक्तक्षय आणि हृदयदोष शोधून काढतं. म्हणूनच सुधारणा स्वस्तात होण्यासारखी आहे. काटा पडद्याआड, आकडा मुलाकडे पाठ करून, तोंडाने काही न बोलता कागदावर. आणि आकडा वाचायचा तो योग्य तक्त्यावर. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांसाठी सुधारित वाढतक्ते दिले. पुण्याचे वामन खाडिलकर त्या कामात अग्रभागी होते. तक्त्यावर एकच बिंदू पाहून काही कळत नाही, रेषा पाहावी. नेहमी वरच्या रेषेवर चालणारं मूल सहा महिन्यांत मधल्या रेषेवर आलं तर घरी पेढे वाटतात, पण डॉक्टरने तिथे थांबून विचारायला हवं. वजन 'नॉर्मल' असूनही शरीर उपासमारीत असू शकतं. भरल्या अंगाच्या मुलांमधला आजार सर्वात उशिरा ओळखला जातो तो याच कौतुकामुळे.

"आमच्या मुलांना आधी पोटभर मिळू दे, मग हे श्रीमंतांचे आजार बघू," हा आक्षेप ऐकायला मिळेल. त्याला झटकून टाकू नये. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २०.८ टक्के कमी वजनाच्या आणि २३.४ टक्के जास्त वजनाच्या आहेत. एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात, ही दोन्ही टोकं राहतात. ज्या घरात बायका शेवटी जेवतात तिथे मुलीचं कमी खाणं कुणाला खटकतच नाही. म्हणजे कुपोषण या आजाराला आडोसा देतं. शाळेतल्या आहारतज्ज्ञाने 'लठ्ठपणा हटवा' असा एकच फलक लावला तर वर्गातली निम्मी मुलं चुकीचा संदेश घेऊन घरी जातात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात जॉर्ज पॅटन यांनी शाळकरी मुलींचा तीन वर्षं पाठपुरावा केला. कडक डाएट करणाऱ्या मुलींना खाण्याचा विकार जडण्याची शक्यता डाएट न करणाऱ्यांच्या अठरापट निघाली, मध्यम डाएट करणाऱ्यांत पाचपट. १९९९ सालचा हा अभ्यास वजन घटवण्याच्या प्रत्येक शालेय मोहिमेच्या पहिल्या पानावर छापावा.

देहप्रतिमा म्हणजे फक्त जाडी, हेही आयात गृहीतक आहे. आपल्याकडे रंग आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीचं नाव २०२० साली ग्लो अँड लव्हली झालं. स्थळांच्या जाहिरातींतलं 'गोरी' मात्र जागचं हललं नाही. रंग, उंची, चेहऱ्यावरचे केस, दात, मुरुमं यांबद्दल न विचारणारी देहप्रतिमेची मोजपट्टी आपल्या मुलींच्या दुःखाचा फार तर अर्धा भाग मोजते. मुंबईतल्या मुलींवर हेमल श्रॉफ आणि केविन थॉम्पसन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिडवणं हा महत्त्वाचा दुवा ठरला. वजन जास्त असण्याने मुलगी जितकी खचते, त्यातला बराच भाग त्या वजनावरून मिळालेल्या टोमण्यांमार्गे येतो. पाहुण्यांच्या विचारपुशीने सुरुवात केली ती उगाच नव्हे.

मुलग्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण बहुतेक प्रश्नावल्या मुलींसाठी बेतलेल्या आहेत आणि मुलगे त्यांतून सहीसलामत निसटतात. हॅरिसन पोप यांनी १९९३ साली व्यायामशाळेतल्या अशा पुरुषांचं वर्णन केलं जे पिळदार असूनही स्वतःला किरकोळ समजत होते. पुढे त्यांनी मुलांच्या खेळण्यातले सैनिक बाहुले मोजले आणि दाखवून दिलं की तीनेक दशकांत बाहुल्यांचे दंड माणसाला अशक्य अशा मापाला पोचले आहेत. आपल्याकडे २००७ च्या 'ओम शांती ओम' आणि २००८ च्या 'गजनी'नंतर गल्लोगल्ली जिममध्ये पॅक मोजले जाऊ लागले. त्याच सुमाराला 'टशन'मुळे मुलींत झिरो फिगर हा शब्द आला. तालमीतला पैलवान वजनगटात बसायला कुस्तीच्या आदल्या दिवशी पाणी तोडतो, जिमातला पोरगा डब्यातल्या पावडरीवरून इंजेक्शनवर जातो. हे दोघेही 'खाण्याचा विकार' या शब्दाला कधीच हात वर करणार नाहीत. त्यांना विचारायचं ते असं : एक दिवस जिम चुकली तर काय होतं? लग्नाच्या पंगतीला बसतोस का, की डबा घेऊन जातोस?

माध्यमांच्या परिणामाची सर्वात गाजलेली कहाणी फिजीची. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही पोचला. भरदार अंग हेच सौंदर्य मानणारा तो समाज. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींना वर सांगितलेली सव्वीस प्रश्नांची चाचणी दिली. रेषेपलीकडच्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजनासाठी ओकारी काढणारी एकही नव्हती, त्या ११.३ टक्के झाल्या. दोन्ही वेळी साठ-पासष्टच मुली होत्या, आणि त्या वेगवेगळ्या होत्या. तेव्हा टीव्हीने आजार आणला असं छातीठोक म्हणता येत नाही. पण मुलाखतींत मुली मालिकांतल्या नायिकांची नावं घेऊन आपल्याला तसं व्हायचंय असं सांगत होत्या. मोबाइलच्या बाबतीत २०२१ साली फ्रान्सिस हॉगन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांत इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचंच संशोधन होतं. शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरींपैकी ३२ टक्के जणी म्हणत होत्या की इन्स्टाग्रामने ते आणखी वाढतं. 'आधीच' हा शब्द बातम्यांत गळाला होता. अभ्यासकाने गाळू नये.

प्रतिबंधाची गोष्ट अपयशापासून सुरू करणं मला प्रामाणिकपणाचं वाटतं. १९९७ साली ऑक्सफर्डमध्ये जॅकलिन कार्टर आणि सहकाऱ्यांनी तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना शाळेत खाण्याच्या विकारांविषयी पाठ दिले. ज्ञान वाढलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर खाण्यावरची बंधनंही वाढली होती. त्याच वर्षी स्टॅनफर्डमधल्या प्रयोगात बऱ्या झालेल्या सुंदर, हुशार मुलींनी नव्या विद्यार्थिनींना आपली कहाणी सांगितली. ऐकणाऱ्यांत लक्षणं थोडी जास्तच आढळली. आपल्या शाळांत 'जनजागृती' म्हणून नेमकं हेच चालतं : पडद्यावर हडकलेल्या मुलीचा फोटो, ओकारीच्या परिणामांची यादी, शेवटी प्रश्नोत्तरं. मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलीला त्यात इशारा ऐकू येत नाही, युक्ती ऐकू येते.

मग चालतं काय? एरिक स्टाइस यांच्या कार्यक्रमात व्याख्यान नाही. लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ साली मांडलेली कल्पना अशी की, माणूस जे चारचौघांत बोलतो त्याच्याकडे त्याचं मन सरकतं. स्टाइस यांनी शरीराबद्दल नाखूश मुलींच्या छोट्या गटांना बारीकपणाच्या आदर्शाविरुद्ध स्वतः युक्तिवाद करायला लावलं. धाकट्या मुलीला पत्र लिहायचं, मैत्रिणीच्या "मी किती जाडी आहे" या वाक्याला काय उत्तर देशील ते वठवून दाखवायचं. २००८ साली छापलेल्या तीन वर्षांच्या पाठपुराव्यात, फक्त मोजमाप झालेल्या मुलींच्या तुलनेत, विकार जडण्याचा धोका साठ टक्क्यांनी कमी दिसला. या क्षेत्रात एवढा ठोस आकडा विरळा. ॲडलेडमध्ये सायमन विल्क्श आणि ट्रेसी वेड यांनी मुलं-मुली दोघांसाठी जाहिराती आणि छायाचित्रं उलगडून पाहण्याचे पाठ बांधले, तेही टिकले. यंत्रावर विसंबण्याचा धडा २०२३ साली अमेरिकेत मिळाला : खाण्याच्या विकारांसाठीच्या एका राष्ट्रीय संस्थेचा चॅटबॉट मदत मागणाऱ्यांना वजन घटवायचे सल्ले देऊ लागला आणि तो बंद करावा लागला.

माझा सर्वात आवडता दाखला मात्र कॅनडातल्या एका निवासी बॅले शाळेचा. नीवा पिरान १९८७ पासून तिथे काम करत होत्या. त्यांनी मुलींना बोलू दिलं आणि मग बदल मुलींकडून न मागता शाळेकडे मागितला. शिक्षकांनी शरीरावर शेरे मारणं बंद, भर आकारावरून ताकदीवर, तक्रार करायला जागा. काही वर्षांत तिथलं बिघडलेलं खाणं ठळकपणे कमी झालं. आपल्या स्नेहसंमेलनात पुढच्या रांगेत कुणाला उभं करतात, कथ्थकच्या वर्गात गुरू काय बोलतात, खेळाच्या सरांकडे काटा कशाला असतो, हे प्रश्न त्या शाळेने आपल्यापुढे ठेवले आहेत. मुलाचं मूल्यमापन करायला निघालेल्याने आधी शाळेचं करावं.

उपचार हा या लेखनाचा विषय नाही, पण चाळणी करणाऱ्याला पुढचा रस्ता माहीत हवा. महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक आहेत. २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही फोनसेवा मराठीतही बोलते. ॲनोरेक्सियासाठी लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात घडलेली कुटुंबकेंद्री पद्धत आई-वडिलांना दोषी न धरता ताटाची जबाबदारी काही काळ त्यांच्याकडे सोपवते, आणि आपल्या घरांना ती परकी वाटत नाही.

काही गोष्टी मात्र समुपदेशनाची वाट पाहू शकत नाहीत. चक्कर येऊन पडणं, जागेपणी नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली, पाळी तीन महिने बंद, वारंवार ओकारीनंतर छातीत धडधड किंवा स्नायूंत पेटके : ओकारीने रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदय अचानक बंद पडू शकतं. मानसिक आजारांत ॲनोरेक्सियाचा मृत्युदर सर्वाधिकांपैकी आहे. आणि एक गोष्ट आजी-आजोबांना आवर्जून सांगावी. फार दिवस न जेवलेल्या मुलाला "आता भरपूर खाऊ घाला" म्हणून एकदम तूप-भात, शिरा, लाडू सुरू करणं जिवावर बेतू शकतं. दीर्घ उपासमारीनंतर अन्न एकदम पोटात गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येतं. महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले कैदी जेवणानंतर दगावले त्यामागे हेही एक कारण होतं. अशा मुलाला आधी रुग्णालयात न्यावं, रक्त तपासावं, आणि अन्न डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं वाढवावं.